काळे पडलेले बोट, खुब्याचे हाड, मूत्रपिंड : मेलेला भाग पुन्हा जिवंत होतो का?

शेवंती (धागाकर्ती)

माझ्या वडिलांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या महिन्यात त्यांच्या डाव्या पायाचे दुसरे बोट आधी जांभळट झाले आणि मग पूर्ण काळे पडले. पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली आणि गुडघ्याखालच्या एका धमनीतला अडथळा फुग्याने उघडण्यात आला. आता शल्यविशारदांचे म्हणणे असे आहे की बोट कोरडे राहिले तर काही आठवडे थांबावे आणि मग जेवढे मेले आहे तेवढेच काढावे. घरात यावरून दोन तट पडले आहेत. काका म्हणतात की रक्त पुन्हा वाहू लागले असेल तर बोट हळूहळू पूर्ववत व्हायलाच हवे, काढण्याची भाषा कशाला? भाऊ म्हणतो की मेलेला भाग अंगावर बाळगणे धोक्याचे आहे, तो उद्याच काढून टाकावा.

निर्णय डॉक्टरांचाच राहील, तेव्हा इथे उपचारांचा सल्ला नको आहे. मला एवढेच समजून घ्यायचे आहे की शरीराचा एखादा भाग एकदा मेला की तो परत जिवंत होऊ शकतो का, आणि होत नसेल तर 'जखम भरली' असे आपण म्हणतो तेव्हा आत नेमके काय घडलेले असते.

टाके_वगैरे

शेवंतीताई, शल्यचिकित्सेत आयुष्य गेल्यामुळे हा प्रश्न मला शेकडो नातेवाइकांनी विचारला आहे, आणि त्याचे उत्तर 'नाही' असेच आहे. मेलेली पेशी परत येत नाही. तरीही तुमचे काका पूर्ण चूक नाहीत आणि तुमचा भाऊही नाही. त्याचे कारण थोडे सविस्तर सांगावे लागेल.

रक्त थांबल्याबरोबर पेशी मरत नाही. प्राणवायू मिळेनासा झाला की तिची ऊर्जानिर्मिती मंदावते, आवरणावरचे पंप थांबतात, सोडियम आणि पाणी आत शिरून ती फुगते. इथवर गोष्ट गेली असताना रक्त परत आले, तर पेशी सावरते. त्यापुढे मात्र कॅल्शियम लोंढ्याने आत येते, ऊर्जा तयार करणारी यंत्रणा कायमची निकामी होते, आवरण फाटते आणि आतले पदार्थ बाहेर सांडतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तात जे ट्रोपोनिन तपासतात, ते अशाच फाटलेल्या पेशींतून आलेले असते. या टप्प्यापर्यंत पोचायला प्रत्येक अवयवाला वेगवेगळा वेळ लागतो. मेंदूला काही मिनिटे पुरतात, हृदयाच्या स्नायूला साधारण अर्धा तास, हातापायांच्या स्नायूंना चार ते सहा तास, आणि त्वचा त्याहूनही अधिक काळ तग धरते.

म्हणूनच एकाच पायावर एकाच वेळी मेलेला, अर्धमेला आणि धडधाकट असे तिन्ही प्रकारचे भाग असू शकतात. अँजिओप्लास्टीनंतर काळ्या बोटाच्या आसपासची जांभळी, गार त्वचा काही दिवसांत उबदार आणि गुलाबी होताना मी अनेकदा पाहिली आहे. घरच्या माणसांना वाटते की मेलेले बोट जगायला लागले. वास्तविक तो काठाचा भाग मेलेला नव्हता, उपाशी होता. बोटाचा काळा भाग काळाच राहतो. काकांना जी आशा वाटते ती या काठापुरती खरी आहे, आणि तुमचे डॉक्टर थांबायला सांगत आहेत ते या काठासाठीच. काही आठवड्यांत जिवंत आणि मृत यांच्यामध्ये स्वच्छ रेषा उमटते. त्याआधी कापले तर वाचू शकणारा भागही जातो, किंवा अर्धमेल्या भागात टाके घातल्यामुळे जखम उसवते आणि पुन्हा वर कापावे लागते. कोरडे बोट दीर्घकाळ तसेच ठेवले तर त्या रेषेवर ते आपोआप गळूनही पडते.

भावाची भीती ओल्या गँगरीनच्या बाबतीत शंभर टक्के खरी आहे. कोरड्या गँगरीनमध्ये बोट सुकते, आक्रसते, सुरकुतते आणि त्यात जंतूंना फारसे काही मिळत नाही. तेच ओले झाले, म्हणजे सूज, पाण्याचे फोड, पू, दुर्गंधी, वर सरकत जाणारी लाली, ताप किंवा अकारण वाढलेली साखर यांपैकी काही दिसले, तर रेषेची वाट पाहायची नसते. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते. मधुमेहात पायाच्या संवेदना गेलेल्या असतात, त्यामुळे 'दुखत नाही, म्हणजे ठीक आहे' हा निष्कर्ष इथे घातक ठरतो. अशा वेळी केवळ प्रतिजैविकांवर भागत नाही, कारण औषध रक्तातून जाते आणि मेलेल्या भागात रक्तच पोचत नाही. 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या रुग्णांना अँफोटेरिसिन हे बुरशीनाशक औषध देत असतानाही जबड्याची आणि नाकाभोवतीची मेलेली हाडे काढावी लागली. ती बुरशी रक्तवाहिन्यांमध्येच शिरून त्या बंद करते, मग औषध तिथवर जाणार कोणत्या वाटेने?

जाता जाता, वडील तंबाखू, बिडी किंवा मिश्री यांपैकी काही वापरत असतील तर त्याविषयी घरात कितीही कटुता आली तरी चालेल. मधुमेह नसलेल्या तिशी-चाळिशीतल्या बिडी ओढणाऱ्या पुरुषांची बोटे एकामागून एक जाताना मी पाहिली आहेत. त्या आजाराला बर्गरचा आजार म्हणतात आणि त्यात तंबाखू पूर्ण सोडण्याइतका परिणामकारक दुसरा उपाय नाही.

कडूलिंब

टाके_वगैरे यांचा प्रतिसाद उत्तम आहे, पण 'मेलेली पेशी परत येत नाही' या विधानावर माझा एक आक्षेप आहे. आमच्या शेजाऱ्यांना पावसाळ्यात लेप्टो झाला होता. लघवी जवळजवळ बंद झाली, डायलिसिस करावे लागले आणि कागदपत्रांवर स्पष्ट लिहिलेले होते की मूत्रपिंडातल्या नलिकांचा 'नेक्रोसिस' झाला आहे, म्हणजे त्या मेल्या आहेत. दोन-तीन आठवड्यांत लघवी सुरू झाली, रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम बिघडले की वाढणारा घटक) उतरले आणि आज ते गृहस्थ रोज सकाळी टेकडी चढतात. मेलेले परत येत नसेल तर हे कसे झाले? शिवाय यकृताचा मोठा तुकडा दान केला तरी ते पुन्हा वाढते, हेही सर्वज्ञात आहे.

सूक्ष्मदर्शी

कडूलिंब यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मी विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे शरीराच्या मेलेल्या भागांशी माझा रोजचा संबंध येतो.

शेजाऱ्यांच्या नलिकांमधल्या ज्या पेशी मेल्या, त्या मेल्याच. त्या सुटून नलिकेत पडल्या आणि लघवीवाटे बाहेर गेल्या. लघवीच्या तपासणीत त्यांचे गढूळ तपकिरी साचे दिसतात. परंतु त्या पेशी ज्या पातळ पडद्यावर बसलेल्या असतात तो पडदा शाबूत होता, आणि त्यावर अधूनमधून काही पेशी जिवंत उरल्या होत्या. त्या उरलेल्या पेशी पसरल्या, विभागल्या आणि एक ते तीन आठवड्यांत त्यांनी नलिकेचे अस्तर पुन्हा तयार केले. कारल्याचा वेल वाळून गेला तरी मांडव उभा असेल तर नवा वेल त्यावर चढतो, तसाच हा प्रकार आहे. मूत्रपिंडाचा बाहेरचा थर पडद्यासकट आणि रक्तवाहिन्यांसकट मेला, जे घोणस चावल्यानंतर किंवा बाळंतपणातल्या मोठ्या रक्तस्रावानंतर कधीकधी घडते, तर मात्र तो भाग परत येत नाही आणि अनेकांना कायम डायलिसिसवर राहावे लागते. म्हणजे एकाच अवयवात मरणाचे दोन प्रकार आणि दोन शेवट दिसतात. म्हणून अहवालातला 'नेक्रोसिस' हा शब्द वाचून घाबरण्याआधी किंवा निर्धास्त होण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. सांगाडा उरला आहे का? आणि विभागू शकणाऱ्या पेशी आसपास जिवंत आहेत का?

यकृताकडे या दोन्ही गोष्टी बहुधा असतात. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने यकृताच्या पेशींचे मोठे पट्टे मरतात, तरीही वेळेवर उपचार मिळून माणूस वाचला तर काही महिन्यांनी बायोप्सीत जवळपास काही दिसत नाही. दात्याच्या यकृताबद्दल मात्र एक दुरुस्ती सुचवते. कापून दिलेला भाग तिथे परत उगवत नाही. जो उरला आहे तो फुगून, पेशी वाढवून, वजनाची भरपाई करतो. आकार पूर्वीचा होत नाही, काम पूर्ववत होते.

हृदयाचे तसे नाही. झटक्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत पांढऱ्या पेशी धावून येतात, त्यानंतरच्या दिवसांत भक्षक पेशी मेलेला स्नायू उपसून काढतात, आणि साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ती भिंत सर्वांत मऊ झालेली असते. रुग्णाला बरे वाटू लागलेले असते आणि नेमके तेव्हाच क्वचित ती भिंत फाटते. पुढे नव्या रक्तवाहिन्या आणि तंतू येतात आणि सुमारे दोन महिन्यांत तिथे घट्ट, पांढरा व्रण तयार होतो. तो फाटत नाही, पण आकुंचनही पावत नाही. हृदयाच्या स्नायुपेशी अजिबात नव्या होत नाहीत, असे पूर्वी शिकवत. 2009 मध्ये स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-14 चा माग पेशींच्या डीएनएत काढून दाखवले की पंचविशीत वर्षाला साधारण एक टक्का पेशी नव्या होतात आणि पंच्याहत्तरीत त्याच्या निम्म्याहून कमी. झटक्यात गेलेला स्नायू भरून काढायला हा वेग कुठेच पुरत नाही.

मेंदूत तर व्रणही नीट तयार होत नाही. मेलेला भाग विरघळतो, उपसला जातो आणि तिथे द्रवाने भरलेली पोकळी राहते. पक्षाघातानंतर हात पुन्हा हलू लागतो त्यामागे काठावरच्या उपाशी भागाची सुटका असते, सूज उतरणे असते आणि उरलेल्या मेंदूने ते काम शिकून घेणे असते. टाके_वगैरे पायाच्या ज्या काठाबद्दल बोलले तसाच काठ मेंदूतही असतो, आणि रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी साडेचार तासांच्या मर्यादेचा जो आग्रह धरतात तो त्या काठासाठीच.

सांजवेळ

या चर्चेत खुब्याचा प्रश्न विचारला तर चालेल का? माझ्या दिरांना करोनाच्या दुसऱ्या लाटेत स्टिरॉइड्स दिली होती. पुढे जांघेत दुखू लागले आणि एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या डोक्याचा काही भाग मेल्याचे निदान झाले. एका डॉक्टरांनी हाडाला छिद्र पाडण्याची लहान शस्त्रक्रिया सुचवली, दुसऱ्यांनी सरळ सांधाबदल. हाड तर जुळते, मग मेलेले हाड का बरे होऊ नये?

आडवाट

अस्थिरोग हे माझे क्षेत्र असल्याने उत्तर देतो. मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्याच असतात आणि त्या हाडाच्या मानेच्या, म्हणजे डोक्याखालच्या अरुंद भागाच्या, कडेने वर चढतात. हाडाची मान मोडली, किंवा स्टिरॉइड्स, दारू, सिकलसेल अशा कारणांनी आतला बारीक रक्तप्रवाह अडला, तर पर्यायी वाट जवळपास नसते. विदर्भात आणि नंदुरबारकडे तरुण वयात खुबा दुखत असेल तर सिकलसेलची तपासणी करून घेणे त्यामुळेच महत्त्वाचे ठरते. करोनानंतरच्या अशा तीन रुग्णांची नोंद मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली होती, आणि त्यानंतर हा विषय सर्वांच्या बोलण्यात आला.

मेलेले हाड लगेच मोडत नाही. पेशी मेल्या तरी खनिजांचा सांगाडा उभाच असतो, म्हणून साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीला काहीच दिसत नाही आणि एमआरआय लागतो. खरी अडचण दुरुस्ती सुरू झाल्यावर येते. काठाकडून जिवंत पेशी आत शिरतात, जुने हाड कुरतडतात आणि नवे घालत जातात. परंतु मोठ्या माणसात कुरतडणे पुढे जाते आणि बांधणे मागे राहते. त्या मधल्या काळात हाड कमकुवत होते, शरीराचे वजन त्यावर रोज पडत असते, आणि कूर्चेखालचा भाग खचतो. एकदा गोलाई बिघडली की सांधा झिजणार हे जवळपास ठरलेलेच. म्हणून छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याच्या शस्त्रक्रियेला अर्थ आहे तो हाड खचण्यापूर्वी, आणि मेलेला भाग लहान असेल तर. खचल्यानंतर ती करणे म्हणजे रुग्णाला दोनदा भूल देणे. सांजवेळ, तुमच्या दिरांच्या दोन डॉक्टरांमधला मतभेद बहुधा 'खचले आहे की नाही' या एकाच मुद्द्यावर येऊन थांबेल, तेव्हा तोच प्रश्न दोघांनाही स्पष्ट विचारावा.

आता गंमत पाहा. हेच हाड चार ते आठ वर्षांच्या मुलांमध्ये पर्थीजच्या आजारात संपूर्ण मरू शकते, आणि तरीही दोन ते चार वर्षांत तिथे नवे हाड तयार होते. सहा वर्षांच्या आतल्या मुलांत ते बहुधा चांगले गोल राहते. मुलाच्या हाडाला वाढायला पुढची वर्षे असतात आणि तोवर मऊ पडलेले डोके सांध्याच्या खोबणीत सांभाळून ठेवणे, एवढाच आमचा उपचार असतो.

कोकणकडा

आमच्या रत्नागिरीकडच्या अनुभवावरून थोडी भर घालतो. फुरसे, घोणस किंवा नाग चावल्यावर दंशाच्या जागी सूज, फोड आणि पुढे मांस काळे पडणे हे अनेकदा होते. हाफकिनसारख्या संस्थांनी तयार केलेली लस रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करते आणि माणसाचा जीव वाचवते, पण जे मांस विषाने आधीच मेले आहे ते लसीने परत येत नाही. ते नंतर साफ करून त्वचारोपण करावे लागते. लस मिळायला जितका उशीर होईल तितके मांस जास्त जाते. गावाकडे अजूनही दंशाच्या वर घट्ट दोरी आवळतात. पायाचा रक्तपुरवठा तासन्‌तास तोडला की विषाने जेवढे मारले नसते तेवढे दोरी मारते. कापून रक्त काढणे, जळवा लावणे, कसले कसले लेप थापणे यांनीही जखम चिघळते.

कडूलिंब

सूक्ष्मदर्शी यांचे उत्तर पटले. जळवांचा विषय निघालाच आहे, तर जखमेत अळ्या सोडण्याच्या उपचाराबद्दल कोणी सांगेल का? ऐकायला किळसवाणे वाटते, पण परदेशात तो अधिकृत आहे असे वाचले आहे.

टाके_वगैरे

होय, अधिकृत आहे. पहिल्या महायुद्धात विल्यम बेअर या अमेरिकी शल्यविशारदाने पाहिले की रणभूमीवर कित्येक दिवस पडून राहिलेल्या सैनिकांच्या जखमांत अळ्या झाल्या होत्या आणि त्या जखमा अपेक्षेपेक्षा स्वच्छ होत्या. पुढे बाल्टिमोरला त्याने हाडाच्या जुनाट संसर्गावर हा उपचार पद्धतशीरपणे वापरला. प्रतिजैविके आल्यावर तो मागे पडला, आणि 2004 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने निर्जंतुक वाढवलेल्या अळ्यांना मान्यता दिली. विशिष्ट हिरव्या माशीच्या या अळ्या मेलेले मांस विरघळवून पितात आणि जिवंत भागाला बहुतांशी हात लावत नाहीत. तेव्हा त्यांचे काम जखम साफ करण्याचे आहे. भरून काढण्याचे काम शरीर करते आणि त्यासाठी रक्त लागतेच. घरातल्या माशीने जखमेत घातलेल्या अळ्या ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. त्या निर्जंतुक नसतात, काही जाती जिवंत मांसातही शिरतात, आणि त्या दिसल्या तर जखम दाखवायलाच हवी.

लेपांबद्दल कोकणकडा जे बोलले ते काळ्या बोटालाही लागू आहे, कारण कोरड्या बोटावर ओला लेप बांधला की ते ओले होते.

शेवंती

सर्वांचे मनापासून आभार. काकांना हा धागा वाचायला दिला आणि 'काठ वाचवण्यासाठी थांबायचे' हे त्यांना पटले आहे. एक शेवटची शंका राहते. वडिलांच्या घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर 1.4 च्या वर आले आहे. काका म्हणतात की आकडा मोठा आहे म्हणजे रक्त भरपूर आहे. तसे असते तर बोट काळे का पडले असते?

टाके_वगैरे

शंका अगदी योग्य आहे. हे गुणोत्तर निरोगी माणसात साधारण 1 ते 1.4 असते आणि 0.9 च्या खाली गेले की पायातला रक्तप्रवाह कमी असल्याचे मानतात. दीर्घकाळच्या मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठून त्या कडक होतात, मोजणाऱ्या पट्ट्याने दबतच नाहीत, आणि आकडा खोटाच मोठा येतो. त्यामुळे 1.4 च्या वरचा आकडा म्हणजे 'ही चाचणी या पायासाठी निरुपयोगी आहे' असे समजावे. बोटांच्या धमन्या तितक्या कडक होत नाहीत, म्हणून अशा रुग्णांत पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजतात. तो 30 च्या खाली असेल तर बोट काढल्यानंतरची जखम भरण्याची शक्यता कमी असते आणि आधी रक्तपुरवठ्याचे आणखी काही करता येते का ते पाहावे लागते. फुग्याने उघडल्यानंतर हा दाब किती आला आहे, हे पुढच्या भेटीत विचारा. आणि त्यांचा दुसरा पाय रोज संध्याकाळी उजेडात, बोटांच्या बेचक्यांसकट, कोणीतरी पाहत जा. धमन्या त्याही पायात त्याच वयाच्या आहेत.